‘१-१-१’ म्हणजे नेमकं किती वाजता?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी काही चुकीची समजूत झाली असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. आई ६६ वर्षांच्या आहेत. मधुमेह, रक्तदाब आणि थायरॉइड जुनं आहे. पायाला सेल्युलायटिस (त्वचेचा आणि त्याखालचा जंतुसंसर्ग) झाला म्हणून वाशीच्या एका रुग्णालयात होत्या आणि बुधवारी दुपारी तुम्ही त्यांना कोपरखैरण्याला घरी आणलं. कागदावर नवी-जुनी मिळून दहा औषधं आहेत. अँटिबायोटिक ‘आठ-आठ तासांनी’ द्या असं सिस्टर म्हणाल्या, मेडिकलवाल्याने पाकिटावर ‘जेवणानंतर ३ वेळा’ लिहून दिलं आणि मावशींनी सांगितलं की प्रत्येक गोळीत अर्धा तास अंतर हवंच. तुम्ही सकाळी ७:२० ला ठाण्याची लोकल पकडायला निघता आणि रात्री आठच्या सुमाराला परत येता. गुरुवारी दुपारची गोळी राहिली, म्हणून रात्री दोन दिल्या. आता तुम्ही विचारताय की रात्री उठवून गोळी द्यायची का, दोन दिल्या त्याने काही बिघडलं का आणि दहा गोळ्यांचा दिवस बसवायचा तरी कसा.

गोंधळ होणं साहजिक आहे, कारण ‘१-१-१’ ही खूण फक्त किती गोळ्या आणि साधारण दिवसाच्या कोणत्या भागात एवढंच सांगते. किती वाजता, खाण्याआधी की नंतर आणि कशाबरोबर घ्यायची नाही, हे त्या तीन आकड्यांत नसतं. ते औषधाच्या स्वभावात असतं. त्यामुळे सिस्टर आणि मेडिकलवाला दोघंही आपापल्या जागी अर्धे बरोबर आहेत. दहाही गोळ्या घड्याळाला बांधायची मात्र गरज नाही. तुमच्या यादीत वेळेच्या बाबतीत खरोखर हट्टी अशी तीनच औषधं आहेत: अँटिबायोटिक, थायरॉइडची गोळी आणि मधुमेहाची ग्लिमेपिराइड. ही तीन पक्की बसवली की बाकीची जेवणाच्या वेळांना आपोआप चिकटतात.

अँटिबायोटिक आधी घेऊ, कारण सध्या सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलॅनिक ॲसिडची ६२५ ची गोळी, म्हणजे ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्हुलॅनिक ॲसिड. मूत्रपिंड नीट चालत असेल तर अमॉक्सिसिलिन शरीरातून फार लवकर बाहेर पडतं. साधारण तासा-सव्वा तासात रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. या जातीच्या औषधाचा परिणाम एका वेळी किती मोठा डोस गेला यावर फारसा अवलंबून नसतो. रक्तातली पातळी जंतूला रोखणाऱ्या रेषेच्या वर दिवसभरात किती वेळ राहिली, यावर तो अवलंबून असतो. म्हणून इथे अंतराला किंमत आहे. उलट ॲझिथ्रोमायसिन शरीरात काही दिवस रेंगाळतं, म्हणून ते दिवसातून एकदा, तेही बहुतेक वेळा तीन ते पाच दिवसच देतात. दोन्ही अँटिबायोटिकच, पण घड्याळाशी नातं अगदी वेगळं.

आता ‘जेवणानंतर ३ वेळा’ शब्दशः पाळलं तर काय होतं ते बघा. नाश्ता ९ ला, जेवण दीडला, रात्रीचं जेवण साडेआठला. पहिल्या दोन गोळ्यांत साडेचार तास, नंतर सात तास आणि रात्री तब्बल साडेबारा तासांची पोकळी. पहाटे कित्येक तास औषध नावालाच उरतं. दुसऱ्या टोकाला, बरोबर आठ तास पाळायचे म्हणून रात्री २ ला गजर लावून आईंना उठवणं. तेही करू नका. तोंडावाटे घ्यायच्या गोळीसाठी तास-दीड तास मागे-पुढे चालतं आणि आजारातून उठणाऱ्या माणसाची झोप मोडून त्या मानाने फार काही हाती लागत नाही. सकाळी ७, दुपारी २ आणि रात्री १० अशा वेळा धरा. अंतरं येतात ७, ८ आणि ९ तास. एवढं पुरेसं आहे.

ही गोळी जेवणाच्या सुरुवातीला, पहिल्या दोन-चार घासांबरोबर घ्यायची. त्याने क्लॅव्हुलॅनिक ॲसिड चांगलं शोषलं जातं आणि मळमळ, पातळ शौचास होणं कमी होतं. रात्री १० ला जेवण झालेलं असतं, तेव्हा सोबत अर्धी पोळी किंवा थोडा दूधभात पुरे. या अँटिबायोटिकला दूध चालतं. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन असतं तर वेगळं सांगितलं असतं: दूध, दही, कॅल्शियम आणि लोह यांना ती औषधं पोटात धरून बसतात आणि रक्तात पुरेशी पोहोचतच नाहीत. सिप्रोफ्लॉक्सासिन अशा गोष्टींच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावं लागतं. म्हणून ‘अँटिबायोटिकवर दूध नको’ हा घरोघरी ऐकू येणारा नियम सगळ्या अँटिबायोटिकना लावू नका.

कोर्स दिवसांवर नको, गोळ्यांवर मोजा. सात दिवस गुणिले तीन म्हणजे २१. तुम्ही बुधवारी रात्री सुरू केलं, म्हणजे शेवटची गोळी पुढच्या बुधवारी दुपारी संपेल, मंगळवारी रात्री नाही. शिवाय ही गोळी कुठे सहाच्या तर कुठे दहाच्या पट्टीत येते. दोन पट्ट्या आणल्या की काम झालं असं वाटतं आणि वीस गोळ्यांवर कोर्स थांबतो. आज घरातल्या गोळ्या मोजून बघा.

थायरॉइडची गोळी, म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, सगळ्यात नाजूक. डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो. आईंचा ५० मायक्रोग्रॅम म्हणजे एका मिलिग्रॅमचा विसावा भाग. इतकं थोडं औषध पोटात दुसऱ्या कशाला चिकटून बसलं की शोषलं जाणारं प्रमाण लगेच घटतं. म्हणून उठल्यावर, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर किमान अर्धा तास, जमलं तर तासभर, चहा-कॉफी किंवा खाणं नको. कॅल्शियम, लोह आणि ॲसिडिटीची पातळ औषधं हे तिचे खरे विरोधक. त्यांच्यापासून चार तासांचं अंतर हवं. तुम्ही लिहिलंय की थायरॉइड आणि कॅल्शियम दोन्ही सकाळी एकत्रच देत होतो. वर्षानुवर्षं असं चालू असेल आणि टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) सतत वर-खाली होत असेल, तर डोस कमी-जास्त करण्याआधी हेच कारण तपासायला हवं. मात्र अंतर सुधारल्यावर शोषण वाढतं आणि जुना डोस जास्त पडू शकतो. म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करून डॉक्टरांना दाखवा आणि अंतर बदललंय हे त्यांना आवर्जून सांगा.

ॲसिडिटीच्या पॅन्टोप्राझोलबद्दल एक बारीक गोष्ट. ही गोळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची, कारण खाणं पोटात आल्यावर आम्ल बनवणारे पंप कामाला लागतात आणि त्याच वेळी औषध रक्तात तयार असावं लागतं. जेवणानंतर घेतली तर परिणाम कमी होतो. ती थायरॉइडच्या गोळीच्या परिणामावरही थोडा फरक पाडते, पण तिथे अंतर ठेवून उपयोग नाही, कारण पोटातलं आम्ल दिवसभर कमीच राहतं. आईंना ती किती दिवसांसाठी दिली आहे ते कागदावर बघा. अँटिबायोटिकच्या जोडीला आठवड्यापुरती लिहिलेली ही गोळी नंतर वर्षभर चालू राहिलेली फार दिसते, कारण ‘बंद करा’ असं कोणी सांगितलेलंच नसतं.

आणि ग्लिमेपिराइड. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला भाग पाडते, मग पोटात अन्न असो वा नसो. म्हणून तिचा नियम घड्याळाचा नाही, ताटाचा आहे: नाश्ता समोर आला की गोळी. नाश्ता होणार नसेल तर गोळी नाही, डॉक्टरांना फोन. मधुमेहाचीच दुसरी गोळी, मेटफॉर्मिन, त्या मानाने सौम्य आहे. एकटी मेटफॉर्मिन साखर सहसा फार खाली नेत नाही. ती जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतली की पोट बिघडत नाही.

रक्तदाबाची टेल्मिसार्टन दिवसातून एकदा, रोज साधारण त्याच वेळी, खाण्याआधी की नंतर याने फरक पडत नाही. कोलेस्टेरॉलची ॲटोर्वास्टॅटिन रात्री लिहिली आहे ती रात्रीच द्या. तसं पाहिलं तर ती लांब टिकणारी आहे आणि कोणत्याही ठरावीक वेळी चालते. या दोघींवर विचार खर्च करू नका.

मावशींच्या अर्ध्या तासाच्या अंतराबद्दल: बहुतेक गोळ्या एकाच वेळी, एकामागून एक गिळल्या तरी काही होत नाही. अंतर लागतं ते ठरावीक जोड्यांना, जिथे एक औषध दुसऱ्याचं शोषण अडवतं. तुमच्या यादीत अशा जोड्या तीन: थायरॉइड आणि कॅल्शियम, थायरॉइड आणि लोह, कॅल्शियम आणि लोह. शेवटच्या जोडीत दोन तास पुरतात. बाकी सगळ्या एकत्र चालतात. दहा गोळ्यांत अर्धा-अर्धा तास घालत बसलात तर आईंचा दिवस पाण्याच्या भांड्याभोवती फिरत राहील आणि तिसऱ्या दिवशी त्या कंटाळून गोळ्या टाळायला लागतील. ते नुकसान कितीतरी मोठं.

आता दिवस बसवू.

सकाळी ६ ला, उठल्याबरोबर: थायरॉइडची गोळी, साधं पाणी.
साडेसहाला: पॅन्टोप्राझोल.
७ ला नाश्ता: पहिल्या घासाबरोबर ग्लिमेपिराइड आणि अँटिबायोटिक, खाऊन झाल्यावर मेटफॉर्मिन आणि टेल्मिसार्टन. चहा यानंतर.
११ च्या सुमाराला काहीतरी छोटं खाणं, गोळी नाही.
दुपारी २ ला जेवण: सुरुवातीला अँटिबायोटिक, जेवताना कॅल्शियम.
साडेचारला: लोहाची गोळी, बिनसाखरेच्या लिंबूपाण्याबरोबर.
रात्री साडेआठला जेवण, नंतर मेटफॉर्मिन.
रात्री १० ला: थोड्या खाण्याबरोबर अँटिबायोटिक, आणि ॲटोर्वास्टॅटिन.

सकाळच्या सगळ्या गोळ्या तुम्ही निघायच्या आत होतात, रात्रीच्या तुम्ही आल्यावर. आईंवर एकट्याने सोपवायच्या राहिल्या त्या २ च्या आणि साडेचारच्या. गुरुवारी राहिलेली गोळीही याच वेळेची होती. ११ चं खाणं मी मुद्दाम घातलंय: ग्लिमेपिराइड सातला पोटात गेली आहे आणि दुपारचं जेवण दोनला, मधला काळ उपाशी जायला नको. जेवण दोनपर्यंत लांबवणं आईंना जमत नसेल तर दीडला जेवू दे, अर्ध्या तासाने अँटिबायोटिकचं गणित बिघडत नाही. लोहाच्या आधी-नंतर तासभर चहा नको, कारण चहातली टॅनिन लोह अडवतात. साडेपाचला खुशाल प्यावा. कॅल्शियम जेवताना सांगितलं कारण बहुतेक गोळ्यांत कॅल्शियम कार्बोनेट असतं आणि त्याला शोषलं जायला पोटातलं आम्ल लागतं. पट्टीवर कॅल्शियम सायट्रेट लिहिलं असेल तर जेवणाची अट नाही. आणि हा आठवडा गोळ्यांचा भार खूप होत असेल तर कॅल्शियम आणि लोह अँटिबायोटिक संपेपर्यंत थांबवलं तर चालेल का, असं डॉक्टरांना सरळ विचारा. बहुतेक वेळा ते हो म्हणतात. पण विचारून.

दहावं औषध, व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची कॅप्सूल, मी वेळापत्रकात घातली नाही, कारण ती आठवड्यातून एकदा आहे. इथे होणारी चूक गंभीर असते: ‘०-०-१’ वाचून लोक ती रोज घेतात. व्हिटॅमिन डी शरीरात साठतं आणि अतिरेक झाला तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मळमळ, गोंधळलेपणा, मूत्रपिंडावर ताण असे त्रास होतात. रविवार ठरवा, जेवणानंतर किंवा दुधाबरोबर द्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रविवारांभोवती गोल करून दिल्यावर फुली मारा. संधिवातासाठी दिली जाणारी मेथोट्रेक्सेट हीसुद्धा आठवड्यातून एकदाचीच गोळी आहे आणि ती चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. तुमच्या घरात ती नाही, पण हे वाचणाऱ्या कोणाच्या घरात असेल तर पट्टीवर वार मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

गुरुवारी रात्रीच्या दोन गोळ्यांबद्दल. आईंचं मूत्रपिंड ठीक असेल तर एकदा दोन गोळ्या गेल्याने सहसा मळमळ किंवा एक-दोनदा पातळ शौचास होण्यापलीकडे काही होत नाही. घाबरू नका. पण हा रस्ता पुन्हा धरू नका आणि दुसऱ्या औषधांना तर मुळीच लावू नका. तीच दुहेरी गोळी ग्लिमेपिराइडची असती, तर रात्री झोपेत साखर उतरली असती. रक्त पातळ करणारी गोळी, हृदयाची डिगॉक्सिन, फिटची औषधं, यांतलं काही चुकून दुप्पट गेलं तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा. आई घामाघूम, थरथरत्या किंवा असंबद्ध बोलताना दिसल्या तर आधी ग्लुकोमीटरने साखर बघा. ७० च्या खाली असेल, किंवा मीटर हाताशी नसेल तरी, आणि त्या नीट गिळू शकत असतील तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ लावा.

राहिलेल्या गोळीसाठी साधा हिशेब असा: राहिलेली वेळ आणि पुढची वेळ यांच्या मध्यावर खूण करा. त्याच्या आत आठवली तर घ्या, नंतर आठवली तर ती सोडा आणि पुढची एकच, तिच्या वेळेला. आईंची दुपारची अँटिबायोटिक २ ची, पुढची १० ची, मध्य संध्याकाळी ६. पाचला आठवली तर पाचला घ्या आणि रात्रीची १० ऐवजी ११ ला द्या. तुम्ही घरी आल्यावर साडेआठला कळलं तर दुपारची गेली असं समजा, १० ला एकच द्या आणि उरलेली शेवटी जोडून २१ पूर्ण करा. थायरॉइडची गोळी सकाळी राहिली तर त्याच दिवशी पोट रिकामं असताना घेता येते. तिचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे आठवडा लागतो, त्यामुळे एका दिवसाने काही कोसळत नाही. ग्लिमेपिराइडला मात्र हा मध्याचा नियम लावू नका. नाश्त्याची राहिली तर रात्री झोपण्याआधी ती कधीही देऊ नका.

इथे एक गैरसमज दूर करतो. ‘दिवसातून दोनदा’ म्हणजे नेहमी बारा तास, असंही नाही. लघवीची फ्युरोसेमाइड १-१-० अशी सकाळी आणि दुपारी देतात, कारण दुसरी गोळी रात्री दिली तर म्हातारं माणूस रात्रभर अंधारात बाथरूमकडे धावतं आणि पडतं. हृदयाच्या आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेटच्या साध्या गोळ्याही सकाळी आणि दुपारी, साधारण सात तासांच्या अंतराने देतात, मुद्दामच. शरीराला रात्रीचे काही तास त्या औषधापासून मोकळे मिळाले नाहीत तर त्याची सवय होते आणि परिणाम ओसरतो. म्हणजे तिथे ती मोठी पोकळी हाच उपचाराचा भाग आहे. फिटच्या औषधांना उलट बारा तास अगदी काटेकोर लागतात. म्हणून शेजारच्यांच्या गोळीचा नियम आपल्या गोळीला लावायचा नाही आणि १-१-० दिसलं की ‘डॉक्टर रात्रीची लिहायला विसरले’ असं समजायचं नाही.

या दहांशिवाय पॅरासिटामॉल ६५० आहे. तिच्यापुढे ‘एसओएस’ लिहिलंय, म्हणजे लागेल तेव्हाच. पण लागेल तेव्हाला वरची मर्यादा असते आणि ती कागदावर क्वचितच लिहिलेली असते. आईंच्या वयाला दोन गोळ्यांत सहा तास आणि चोवीस तासांत जास्तीत जास्त चार हे धरून चला. चार लागायला लागल्या तर डॉक्टरांना कळवायची वेळ आली आहे. डोलो, क्रोसिन, कॅल्पॉल ही सगळी पॅरासिटामॉलच. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांतही ते असतंच. पाय दुखतो म्हणून दुकानातून दुसरी पेनकिलर स्वतःहून आणू नका. मधुमेह आणि टेल्मिसार्टन असलेल्या माणसाच्या मूत्रपिंडाला त्या गोळ्या जड जातात.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. डिस्चार्जच्या कागदावर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) किती आहे ते बघा. मूत्रपिंडाचं काम बरंच कमी झालेलं असेल तर हेच अँटिबायोटिक आठऐवजी बारा तासांनी द्यावं लागतं, आणि मेटफॉर्मिनचाही फेरविचार होतो. ती दुरुस्ती डॉक्टरांनीच करायची. अँटिबायोटिकमुळे जुलाब किंवा उलट्या जास्त व्हायला लागल्या आणि आईंचं खाणं-पिणं कमी झालं, तर त्याच दिवशी फोन करून मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन आणि ग्लिमेपिराइड चालू ठेवायची का हे विचारा. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या त्रास देतात. अंगावर पुरळ, ओठ-चेहऱ्यावर सूज किंवा धाप लागली तर अँटिबायोटिकची पुढची गोळी देऊ नका आणि लगेच दवाखाना गाठा. उपवासाचंही तसंच. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत काही खायचं नाही आणि सकाळी ग्लिमेपिराइड घेतलेली, हे जमणारं नाही. या आठवड्यात उपवास नको असं मी स्पष्टच सांगेन. पुढे आईंना करायचाच असेल तर त्या दिवसाचा डोस आधी विचारून ठेवा.

कामाच्या पाळ्या असलेल्यांसाठी एवढंच: रबाळे-महापे एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्याचा ‘सकाळ’ म्हणजे तो झोपून उठतो ती वेळ. थायरॉइडची गोळी आणि जेवणाशी बांधलेल्या गोळ्या त्याच्या दिवसाप्रमाणे सरकतात; रक्तदाबाची मात्र पाळी बदलली तरी घड्याळातल्या एकाच वेळी घ्यावी.

डबीबद्दल तुम्ही विचारलंत. दुपारच्या गोळ्यांसाठी वेगळी छोटी डबी चांगलीच, पण अँटिबायोटिक पट्टीतून काढून त्यात ठेवू नका. क्लॅव्हुलॅनिक ॲसिड ओल पकडतं आणि खराब होतं. म्हणून तर ती गोळी जाड ॲल्युमिनियमच्या पट्टीत येते. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत डबीत सुटी ठेवलेली गोळी दोन दिवसांत पिवळट, ठिसूळ होऊ शकते. कात्रीने फॉइलसकट एक-एक चौकोन कापा आणि तो डबीत टाका. कापताना नाव, बॅच आणि एक्स्पायरी असलेला तुकडा शेवटपर्यंत जपा. गोळी मोठी आहे, गिळायला त्रास होत असेल तर मधून तोडून दोन्ही तुकडे लगेच घेतले तरी चालतात. पॅन्टोप्राझोल मात्र तोडायची-कुटायची नाही, तिचं आवरण पोटातल्या आम्लापासून औषध वाचवायला असतं. मेटफॉर्मिनच्या पट्टीवर एसआर किंवा एक्सआर लिहिलं असेल तर तीही अखंडच. फोडली तर तासन्‌तास पाझरायचं औषध एकदम सुटतं.

अजून एक तपासा, आजच. रुग्णालयाने लिहिलेला ब्रँड आणि घरात आधीपासून असलेला ब्रँड यांची नावं वेगळी असू शकतात, आत औषध एकच. जुन्या डब्यातली टेल्मिसार्टन आणि नव्या पट्टीतली टेल्मिसार्टन दोन्ही चालू, असं घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात फार घडतं. ब्रँडच्या खाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम असतं, तेच जुळवून पाहायचं. जनऔषधी केंद्रातून आणलेल्या पट्टीवर तर तेच नाव मोठं छापलेलं असतं, त्यामुळे ओळखायला सोपं. जुळणाऱ्या जुन्या पट्ट्यांना रबर लावून वेगळ्या पिशवीत, कपाटात वर ठेवा. आईंच्या हाताशी नकोत.

दुपारी २ चा फोन तुम्ही ऑफिसातून करा. ‘गोळी घेतलीस का?’ असं विचारलं की सवयीने ‘हो’ येतं. त्याऐवजी ‘डबी हातात घे, चांदीचे चौकोन किती उरलेत ते सांग’ असं विचारा. दोन वेळेच्या डबीत दोन कप्पे, वर ‘जेवताना’ आणि ‘साडेचार’ असं मराठीत मोठं लिहा. शेजारी कोणी विश्वासाचं असेल तर पहिले तीन दिवस त्यांना डोकावायला सांगा, वेळापत्रकाची एक प्रत फ्रिजवर लावा आणि दुसऱ्या प्रतीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. फेरतपासणीला जाताना तीच प्रत डॉक्टरांपुढे ठेवून विचारा: यातली कोणती गोळी कोणत्या तारखेला बंद करायची? तारीख त्यांच्याच हाताने लिहून घ्या.